निवडलेले आणि निवळलेले: जपानमधले आठ दिवस

जपानी शिकू लागले तेव्हापासून मी एक वही वेगळी ठेवली आहे. तिच्यात फक्त ‘स्वच्छ’ आणि ‘ताजे’ या दोन अर्थांच्या आसपासचे शब्द आहेत, कारण शिकताना मी सर्वांत जास्त अडखळले ती याच शब्दांपाशी. मराठीत साफ, निर्मळ, नितळ, लख्ख, चकचकीत यांतला कोणता शब्द कुठे बसतो याचा विचार करावा लागत नाही. जपानीत मात्र दर वेळी चुकीच्या शब्दाला हात लागत असे. ऑक्टोबरात आत्याबरोबर आठ दिवस जपानला गेले ते ही वही घेऊनच. आत्या ६८ वर्षांची, निवृत्त संस्कृत शिक्षिका आणि पूर्ण शाकाहारी आहे. वहीतली निम्मी टिपणे तिच्या प्रश्नांमुळे झाली.

पहिला दिवस: तोक्यो

वहीतला पहिलाच शब्द स्थानकावरच्या स्वच्छतागृहात भिंतीवर भेटला. तिथे पाटी होती: ‘नेहमी किरेइ वापरता, त्याबद्दल आभारी आहोत.’ घाण करू नका असे कुठेही लिहिलेले नव्हते. आत्याने अर्थ विचारला आणि मी जरा थांबले, कारण ‘किरेइ’ म्हणजे स्वच्छ आणि ‘किरेइ’ म्हणजेच सुंदर. या शब्दाच्या चिनी लिपीतल्या पहिल्या अक्षराचा मूळ अर्थ नक्षीदार रेशमी वस्त्र असा आहे. डोंगर किरेइ असतो, हस्ताक्षर किरेइ असते आणि धुतलेला पेलाही किरेइ असतो. शिकायला लागले त्या वर्षी मी माझ्या शिक्षिकेला म्हणाले होते, ‘तुमचे घर किरेइ आहे.’ मला सुंदर म्हणायचे होते. त्यांनी उत्तर दिले, ‘हो, कालच झाडले.’ आपल्याकडच्या भिंतींवर ‘स्वच्छ, सुंदर’ अशी शब्दांची जोडी रंगवलेली असते. जपानीत ती जोडी लिहायला गेले तर एकच शब्द दोनदा लिहावा लागेल.

संध्याकाळी राहत्या जागी व्यवस्थापक बाईंनी नळाची तोटी पुसता पुसता ‘पिकापिका’ म्हटले आणि आत्याला तो शब्द न सांगताच कळला. चकचकीत, लखलखीत, झगझगीत या आपल्या शब्दांसारखीच ही रचना आहे. नुकत्याच पहिलीत गेलेल्या मुलांनाही पिकापिका म्हणतात. ते मात्र आपल्या ‘कोरे करकरीत’च्या अधिक जवळचे आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. रुमाल आणि एक छोटी पिशवी सतत जवळ ठेवावी. अनेक स्वच्छतागृहांत हात पुसायला काहीही नसते आणि रस्त्यावर कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत, त्यामुळे आपला कचरा मुक्कामापर्यंत आपणच न्यायचा असतो.

दुसरा दिवस: त्सुकिजी

तोक्योचा मासळीचा घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलवला गेला, पण त्सुकिजीच्या जुन्या बाजाराभोवतीच्या गल्ल्या अजून भरलेल्या असतात. मासेवाला ज्या शब्दाने ओरडत होता तो ‘इकी गा ई’ होता, म्हणजे ‘यात जीव चांगला आहे’. मेलेल्या माशाबद्दल हे म्हटले जाते, हे ऐकून आत्या गप्प झाली. ताजेपणाचा पुस्तकी शब्द ‘शिन्सेन’ आहे. त्यातला ‘शिन्’ म्हणजे नवा, आणि ‘सेन’ लिहिताना मासा आणि मेंढी ही दोन अक्षरे शेजारी शेजारी काढतात. जे ताजे नसेल तर खाता येत नाही अशा दोन वस्तूंतून ताजेपणाचे अक्षर उभे राहिलेले आहे.

शाकाहारी माणसाला या गल्ल्यांत खाण्यासारखे फार थोडे मिळते. एका फळवाल्या आजींनी मात्र आम्हाला नासपतीची फोड कापून दिली आणि म्हणाल्या, ‘मिझुमिझुशी.’ ‘मिझु’ म्हणजे पाणी. फोड चावताच हनुवटीवर रस आला. पाणी दोनदा म्हटले की त्याचे रसरशीत होते, ही कल्पना मला इतकी आवडली की मी तिथेच उभ्याने ती वहीत लिहिली. आजींनी वाकून माझी देवनागरी पाहिली आणि अक्षरे वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात असे म्हणाल्या. तरुण त्वचेलाही मिझुमिझुशी म्हणतात. आपला ‘टवटवीत’ फुलाला चालतो आणि चेहऱ्यालाही चालतो, तसाच.

इथे सकाळी आठच्या आत पोहोचावे, दुपारनंतर दुकाने मिटू लागतात. चालता चालता खाऊ नये, घेतले तिथेच उभे राहून संपवावे. शाकाहारी मंडळींनी ‘दाशी’ हा शब्द पाठ करून जावे. दाशी म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचे पाणी, आणि ते भाजीच्या सारातही असते.

तिसरा दिवस: पावसात इसेकडे

वादळाच्या पावसामुळे गाड्या दोन तास उशिरा धावत होत्या. नागोयाला गाडी बदलून इसे या तीर्थक्षेत्री पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि बुटांत पाणी होते. उताराघराच्या मालकीणबाईंनी आमचे भिजलेले बूट काढून घेतले, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि आम्हाला सरळ न्हाणीघराकडे पाठवले. ‘सप्पारी होऊन या,’ असे त्या म्हणाल्या.

सप्पारी ही अंगावरचे काहीतरी उतरल्याची जाणीव आहे. आंघोळीनंतर सप्पारी वाटते, केस कापल्यावर वाटते, मनातले बोलून टाकल्यावरही वाटते, आणि लिंबू पिळलेला पदार्थही सप्पारी असतो. यासाठी मराठीत मी काय म्हणते याचा पाण्यात बसून विचार केला, तर उत्तर ‘फ्रेश’ आले. ‘मी फ्रेश होऊन येते’ हे वाक्य आता आपल्या घराघरांत मराठीच झाले आहे. त्याआधी काय म्हणत होतो, असे आत्याला विचारले. ती म्हणाली, ‘अगं, हातपाय धुऊन येते म्हणायचो. आणि धुऊन आल्यावर बरं वाटतं म्हणायचो.’ म्हणजे क्रियेला एक वाक्य होते आणि तिच्या सुखाला वेगळे वाक्य होते. ‘फ्रेश’ने दोन्ही एकत्र आणले, म्हणून तो इतक्या सहज रुजला असावा.

चौथा दिवस: इसे

वादळानंतरच्या लख्ख सकाळीला जपानीत ‘ताइफू इक्का’ असा स्वतंत्र वाक्प्रचार आहे. हवेत असा गारवा होता की मालकीणबाईंनी खिडकी उघडून एकच शब्द म्हटला: ‘सावायाका’. हा शब्द हायकूत शरद ऋतूचा शब्द म्हणून मोजला जातो, म्हणजे कवितेत तो आला की ऋतू वेगळा सांगावा लागत नाही.

रीतीप्रमाणे आधी बाहेरचे देवस्थान आणि मग बसने आतले देवस्थान पाहिले. आतल्या देवस्थानात जाताना इसुझु नदीवरचा लाकडी पूल ओलांडून दगडी पायऱ्यांवर यायचे आणि नदीतच हात धुवायचे, असा प्रघात आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा पायऱ्यांना दोरी बांधलेली होती, कारण रात्रीच्या पावसाने नदी चहासारखी गढूळ झाली होती. जिथे शुचिर्भूत व्हायचे तिथलेच पाणी गढूळ, हे पाहून मी खट्टू झाले. शेजारी खराट्याने खडी सारखी करणारे एक वृद्ध स्वयंसेवक होते. त्यांनी आधी नदीकडे आणि मग वर बोट दाखवले. ‘ही अजून निगोत्तेरु आहे, पण आकाश सुंदेरु,’ असे ते म्हणाले. नदी गढूळ आहे, आकाश निवळले आहे.

मी हे मराठीत सांगितले आणि माझे मीच ऐकून थबकले. पाणी निवळते आणि आकाशही निवळते. मराठीत दोन्हींना एकच क्रियापद आहे, आणि जपानीतला ‘सुमु’ (‘सुंदेरु’ हे त्याचेच रूप) अगदी तसाच दोन्हींना चालतो. आत्याने त्या काकांना निवळीच्या बियांबद्दल सांगायला लावले: बी उगाळून गढूळ पाण्यात टाकले की गाळ खाली बसतो. त्यांनी त्याच्या बदल्यात मला एक अपूर्व गोष्ट सांगितली. जपानी लिपीत ‘क’च्या अक्षरावर दोन छोट्या रेघा दिल्या की त्याचा ‘ग’ होतो, हे मला माहीत होते. पण ‘क’सारख्या ध्वनींना ‘निवळ ध्वनी’ आणि ‘ग’सारख्यांना ‘गढूळ ध्वनी’ म्हणतात, या नावांचा अर्थ मी कधी लक्षातच घेतला नव्हता. ज्या भाषेत उच्चारसुद्धा पाण्यासारखे निवळतात आणि गढूळ होतात, तिच्यात स्वच्छतेचे शब्द किती खोल गेलेले असतील याची कल्पना मला त्या खडीवर आली.

देवळाच्या मुख्य वास्तूशेजारी तेवढ्याच आकाराची एक मोकळी जागा पांढऱ्या खड्यांनी झाकलेली आहे. इथले देवालय दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. ही प्रथा इ. स. ६९० मध्ये सुरू झाली आणि मध्ययुगीन यादवी युद्धांच्या काळातला मोठा खंड वगळता चालू राहिली. २०१३ मध्ये ६२वे स्थलांतर झाले, पुढचे २०३३ मध्ये आहे. या कल्पनेला ‘तोकोवाका’ म्हणतात, म्हणजे सदैव कोवळे. १,३०० वर्षांहून जुन्या देवळाचे लाकूड अजून फिकट आणि वासाचे असू शकते, हे मला तोवर खरेच वाटले नव्हते. मुख्य पायऱ्यांच्या वर छायाचित्र काढण्यास मनाई आहे आणि ती पाळावी.

बाहेरच्या गल्लीत आत्याला निर्धोक खाता येईल असे आकाफुकु मिळाले. मऊ तांदळाच्या गोळ्यावर गोड लाल चवळीच्या वाटणाचा थर असतो आणि त्यावर बोटांच्या लाटा उठवलेल्या असतात. त्या लाटा म्हणजे इसुझु नदीचा प्रवाह आणि खालचा पांढरा गोळा म्हणजे तळाचे खडे. पाणी इतके नितळ की तळ दिसतो, हेच त्या मिठाईत दाखवले आहे. त्या दिवशी खरी नदी दिसली नाही, ती अशी दिसली.

पाचवा दिवस: क्योतो, रात्रीचे स्वयंपाकघर

दिवसभराच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. संध्याकाळी अतिथिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात आत्या मुगाची खिचडी करत होती. मेजावर एक निवृत्त जर्मन परिचारिका, एक तुर्की विद्यार्थी आणि एक कोरियन तरुणी होती. माझी वही मेजावर पडलेली होती, तिच्यावरून विषय निघाला आणि रात्री साडेअकरापर्यंत संपला नाही.

तुर्की मुलाने ताज्यासाठी आपला शब्द सांगितला, ‘ताझे’. आत्याने पळी हातात धरूनच मागे वळून पाहिले. फारसीतला तोच शब्द पश्चिमेकडे त्याच्या घरी पोहोचला आणि पूर्वेकडे आमच्या भाजीबाजारात आला. मग कोरियन मुलीने सांगितले की त्यांचा पुस्तकी शब्द ‘सिन्सन’ आहे, म्हणजे जपानीतला शिन्सेनच, आणि तो दोघांकडेही चीनमधून आलेला आहे. एकाच खंडात ताजेपणाच्या शब्दाचे असे दोन मोठे प्रवास झालेले आहेत, आणि ते दोन्ही त्या रात्री एका मेजावर येऊन बसले होते. पण मासळी आणि भाजीसाठी घरात आम्ही ‘सिंगसिंग’ म्हणतो, असे ती लगेच पुढे म्हणाली. आपले टवटवीत, जपानी पिचीपिची, कोरियन सिंगसिंग: ताजे म्हणताना जीभ आपोआप दोनदा उडते की काय, असे वाटावे इतके हे शब्द एका घरचे वाटतात.

स्वच्छतेकडे वळलो तेव्हा गोष्ट अधिक गंभीर झाली. तुर्की ‘तेमिझ’ म्हणजे स्वच्छ. त्याचे मूळ अरबीत असून तिथे त्याचा अर्थ फरक ओळखणे, वेगळे करणे असा आहे. हिंदीतला ‘तमीज’ हा त्याचाच भाऊ. जर्मन बाईंनी त्यांचे दोन शब्द सांगितले. टेबल पुसले की ते ‘झाउबर’ होते, पण सदसद्विवेक मात्र ‘राइन’ असतो. झाउबर लॅटिनमधल्या नशेत नसणे या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे आणि राइनचे मूळ चाळण्यात आहे: चाळणीतून गेलेले ते राइन. आत्या तेव्हा उद्याचे तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, ‘म्हणजे यांचं निवडलेलं आहे आणि त्या इसेच्या काकांचं निवळलेलं.’

एका अक्षराच्या फरकाने तिने माझी सबंध वही दोन भागांत मांडली. काही शब्दांत स्वच्छता म्हणजे खडे वेचून बाजूला काढणे आहे, आणि काहींत ती स्थिर राहून गाळ खाली बसू देणे आहे. मी त्या रात्री वहीच्या मधोमध रेघ मारली. ‘निर्मळ’ हा मळ काढून टाकल्यावरचा शब्द एका बाजूला गेला आणि ‘नितळ’ दुसऱ्या बाजूला. ‘स्वच्छ’मध्ये ‘अच्छ’ म्हणजे पारदर्शक आहे, म्हणून तोही नितळच्या रांगेत बसला. ‘साफ’ कुठे घालायचा यावर आमचे एकमत झाले नाही.

सहावा दिवस: क्योतो

सकाळी सहाला रस्त्यावर खराट्याचा आवाज आला. क्योतोत आपल्या दारापुढचा रस्ता झाडण्याला ‘कादोहाकी’ म्हणतात, आणि शेजाऱ्याच्या हद्दीतले हातभर अधिक झाडायचे असते. त्यापेक्षा जास्त झाडले तर तो आगाऊपणा ठरतो. नंतर एका काकूंनी फरशीवर पळीने पाणी शिंपडले. हे ‘उचिमिझु’ म्हणजे पाहुणा येणार असल्याची खूण. अंगण शिंपून सडा घालणाऱ्या बायका पाहत वाढलेल्या आत्याने त्या काकूंना हात जोडले, आणि त्यांनीही वाकून नमस्कार केला.

दुपारी एका छोट्या चहागृहात बसलो. चहाविधीची चार तत्त्वे सांगतात, त्यांतले तिसरे ‘सेइ’, म्हणजे निर्मळता. यजमानबाईंनी चहाचा डबा आणि बांबूची चमची रेशमी रुमालाने पुसली, तेव्हा त्या आधीच स्वच्छ होत्या. या पुसण्याला ‘कियोमेरु’ हे क्रियापद वापरतात. डाग काढायचा नसतानाही पाहुण्यासमोर सावकाश पुसायचे, म्हणजे पाहणाऱ्याचे मनही हातांच्या गतीबरोबर खाली बसते. मला हे निवळण्याच्या बाजूचे वाटले आणि मी ते तसे नोंदवले.

त्यानंतर मी आत्याला ओकाझाकी भागात नेले, आणि तिथे जाण्याचा माझा आग्रह आधीपासूनच होता. ३ मार्च १९२२ रोजी तिथल्या सभागृहात ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन झाली. चामड्याचे, कत्तलीचे काम करणाऱ्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘केगारे’, म्हणजे विटाळ, या शब्दाखाली दूर ठेवले गेले होते. १८७१ च्या फर्मानाने ते दर्जे कायद्यातून गेले, व्यवहारातून गेले नाहीत. त्या माणसांनी आपल्या संघटनेला जे नाव दिले त्यातला ‘सुइहेइ’ म्हणजे पाण्याची समपातळी. स्मारकशिळा साधी आहे आणि तिथे गर्दी नसते. आम्ही दोघी तिथे बराच वेळ उभ्या होतो. पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि त्यानंतर काही लोकांनी १०८ घागरी ओतून त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. शुद्ध हा शब्द तांदळासारखा माणसांवर चालवला की काय होते, ते या दोन्ही देशांनी करून पाहिले आहे. माझ्या वहीत ‘सोवळे’ हा शब्द होता. तो मी खोडला नाही, पण त्याच्यापुढे महाडची तारीख लिहिली.

सातवा दिवस: तामात्सुकुरी

ओकायामाहून इझुमोच्या बाजूला जाणारी ‘याकुमो’ गाडी डोंगरांतून वळणे घेत जाते. आसन आधी राखून ठेवावे, आणि गाडी लागत असेल तर गोळी घेऊनच बसावे. क्योतोपासून चारेक तास लागतात.

तामात्सुकुरीचे गरम पाण्याचे झरे फार जुने आहेत. इ. स. ७३३ मध्ये या प्रांताचे जे वर्णन लिहिले गेले त्यात म्हटले आहे की इथे एकदा न्हाले तर रूप उजळते आणि दुसऱ्यांदा न्हाले तर सर्व व्याधी जातात. आधी रूप आणि मग आरोग्य, हा क्रम पाहून मला पहिल्या दिवसाचा किरेइ आठवला. आत्याला सर्वांसमोर विवस्त्र न्हाण्याचा संकोच होता. पहाटे पाचला कोणी नसताना ती गेली आणि अर्ध्या तासाने लालबुंद, हसऱ्या चेहऱ्याने परतली.

कुंडात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवायचे असते, कारण कुंड अंग धुण्यासाठी नसून पाण्यात बसण्यासाठी आहे. केस बांधावेत आणि छोटा पंचा पाण्याला लागू देऊ नये. स्वच्छतागृहातल्या सपाता तिथेच सोडून याव्यात.

आठवा दिवस: सुगा

या गावासाठीच मी प्रवासाचा शेवट इतक्या दूर आखला होता. ७१२ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘कोजिकि’ या जपानी पुराणकथांच्या ग्रंथात गोष्ट अशी आहे: सुसानोओ देवाने आठ डोक्यांच्या सर्पाला मारले, कुशिनादा हिच्याशी विवाह केला आणि घर बांधायला जागा शोधत तो इथे आला. इथे येताच तो म्हणाला, ‘माझे मन सुगासुगाशी झाले’, म्हणून या जागेचे नाव सुगा. स्वच्छतेचे एवढे शब्द असताना गावाला नाव मिळालेला मला ठाऊक असलेला हा एकच आहे.

बस फार थोड्या असल्यामुळे टॅक्सी ठरवून तिला थांबवून ठेवणेच सोयीचे पडते. देऊळ लहान आहे. मागे डोंगर, पुढे कापणी झालेली भातखाचरे आणि वाळत घातलेल्या पेंढ्या होत्या. रात्री पाऊस पडून गेला होता आणि देवदारांच्या शेंड्यांवरून धुके सुटत होते. आम्ही दोघीच होतो. पायरीवर बसून मी आत्याला म्हणाले की गेली चार वर्षे या एका शब्दासमोर मराठी रकाना कोरा आहे. ‘ताजेतवाने’ लिहिले होते ते शरीराचे वाटले, ‘निर्मळ’ लिहिले ते फार सोज्ज्वळ वाटले, दोन्ही खोडले.

तिने विचारले, ‘सर्पाला मारून झाल्यावर म्हणाला ना तो हे?’

‘हो. सगळे झाल्यावर.’

‘मग प्रसन्न लिही.’

मी म्हणाले की प्रसन्न म्हणजे आनंदी. तिने मान हलवली. ‘सद् म्हणजे बसणं. प्रसन्न म्हणजे गाळ खाली बसून नितळ झालेलं. संस्कृतात आधी पाणी प्रसन्न होतं, आकाश प्रसन्न होतं, मन त्यानंतर.’ मग ती समोरच्या खाचरांकडे पाहून म्हणाली, ‘आणि आपण सकाळ प्रसन्न आहे म्हणतोच की.’

टॅक्सीचालक काका फाटकाशी उभे होते. आम्ही इतका वेळ काय बोलत होतो, असे त्यांनी आदराने विचारले. मी सांगितले की सुगासुगाशीला आमच्या भाषेतला शब्द सापडला. त्यांनी खिशातली छोटी नोंदवही काढली, तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, काताकाना या जपानी लिपीत ‘पु-रा-सा-न्-ना’ असा लिहिला आणि हा शब्द पाण्याबद्दल वापरतात की माणसाबद्दल, असे विचारले. मी आत्याला भाषांतर करून सांगितले.

‘आधी पाण्याबद्दल,’ ती म्हणाली.